ज्यांना पाय कळत नाहीत त्यांच्या चपला

संपादकांचं पत्र आलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, वाचकांना हलकंफुलकं आवडतं." माझ्या गिऱ्हाइकांतल्या बऱ्याच जणांना पायाची बोटं पूर्ण नव्हती. त्यांच्यातल्या गमती मी आठवडाभर आठवत बसलो. आठवल्या त्या लिहितो. हलक्याफुलक्या निघाल्या नाहीत तर दोष आठवणींचा.

मी चपला बांधायचो. आमच्यात चप्पल शिवत नाहीत, बांधतात. वडील बांधायचे, आजोबा विहिरीच्या मोटा शिवायचे. मी मॅट्रिक झालो आणि एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात पादत्राणांच्या खोलीत कामाला लागलो. सतरा वर्षं तिथं काढली. तिथं दोन गोष्टी भरपूर मिळाल्या, काम आणि पुस्तकं. मोठमोठ्या लोकांनी देणगी दिलेली पुस्तकं रोग्यांच्या हाताला लागली की ती बाहेर कुणी परत नेत नसे. त्यामुळे आमचं वाचनालय फार चांगलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली मी नोकरी सोडली आणि पिरंगुटला, हमरस्त्याच्या कडेला दहा बाय बाराचा गाळा घेतला. उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांनी फीत कापली, "चरणसेवा हीच ईश्वरसेवा" असं वीस मिनिटं सांगितलं आणि जाताना माझ्या पत्नीला विचारलं, "नक्की काय विकणार आहेत हे?"

तर मी काय विकत होतो ते आधी सांगतो.

साखरेचा आजार बरीच वर्षं अंगात राहिला की पायाच्या नसा मरू लागतात. महारोगात मरतात, दारूनं मरतात, एखादं जीवनसत्त्व कमी पडलं तरी मरतात. आजारांची नावं वेगवेगळी, पाय मात्र माझ्याकडे एकाच अवस्थेत यायचे. आधी मुंग्या येतात. मग तळव्यांची आग होते. मग गादीवर चालल्यासारखं वाटतं. आणि मग काहीच वाटत नाही. या शेवटच्या पायरीवर लोक म्हणतात, "आता बरंय."

असा माणूस पादत्राण घ्यायला गेला की हटकून एक नंबर लहान घेतो. योग्य मापाची चप्पल पायात आहे हे त्याला कळतच नाही. करकचून आवळली तर थोडं काहीतरी जाणवतं, आणि त्या जाणवण्यालाच तो 'बरोबर बसली' म्हणतो. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश. पंधरा दिवसांनी करंगळीच्या बाजूला काळा डाग.

म्हणून माझ्याकडे एक उलटा रिवाज होता. चप्पल कशी वाटतेय हे गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. दिवस कलता माप घ्यायचं, कारण तोपर्यंत पाय सुजून आपल्या खऱ्या आकाराला येतात. उभं करून, वर्तमानपत्रावर, दोन्ही पायांचं वेगवेगळं. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा सोडायची. पुढचा भाग रुंद, आत शिवण नको. खिळा तर एकही नको, सगळं दोऱ्यावर आणि चिकटवणीवर. पायाखाली नरम रबर, त्याच्याखाली काटा घुसणार नाही असा कडक तळ. आणि टाचेमागे पट्टा. पाय बधिर असला की चप्पल निसटते तेही कळत नाही. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशी बाजारातून घरापर्यंत आलेली माणसं मी पाहिली आहेत. चप्पल गेली याचंच त्यांना वाईट वाटायचं.

यानंतर मी प्रत्येकाला तेच तेच सांगायचो. घालायच्या आधी आत हात फिरवा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग तळवा बघा, लाल झालाय का. रोज बघा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगा. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका.

लोक मान डोलवायचे. मान डोलवण्याला काही लागत नाही.

उरवड्याच्या कारखान्यात काम करणारा एक जण होता, चाळिशीचा, थट्टेखोर. एकदा पाळी संपवून तसाच कारखान्याचे जाड बूट घालून दुकानात आला. म्हणाला, "मास्तर, ह्ये बूट लई भारी हायेत. आठ तास हुबा ऱ्हायलो, पायाला कायबी झालं न्हाई."

मी बूट काढायला लावला. मोजा तळव्याला चिकटला होता. बूट उपडा केला तर आतून एक नट पडला, बोटाच्या पेरापेक्षा मोठा. सकाळपासून तो त्याच्यावर उभा होता. तळव्यात नटाचा सहाकोनी ठसा, आणि मधल्या भोकाच्या जागी मांस वर आलेलं.

तो नट उचलून त्यानं नीट निरखला. "ह्यो तर माझ्याच मशिनीचा," म्हणाला. "सुपरवायझर दुपारपास्नं हुडकतोय ह्येला."

मला हसू आलं, हे कबूल करतो. तोही हसला. पाय वाचला त्याचा, पण सात महिने घरी बसला.

दुसरा हिंजवडीच्या आयटी पार्कातला. लातूरकडचा मुलगा, बत्तीस-तेहतीसचा, कंपनीच्या गाडीतून उतरला तो मोबाइलवर बोलतच. पायात परदेशी धावायचे बूट. त्याच्या तळव्यांची रात्रंदिवस आग व्हायची. डॉक्टरांनी त्याला माझा पत्ता दिला होता. मी माझी चप्पल पुढे केली. त्यानं ती दोन बोटांत धरली.

"काका, यात काही स्टायलिश ऑप्शन नाही का? ऑफिसमध्ये लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"म्हणजे... ही ती लेप्रसीवाल्यांची वाटते ना."

"तीच आहे," मी म्हणालो. "त्यांच्यासाठी शोधली, म्हणून आज तुम्हाला मिळतेय. नाहीतर तुमच्यासाठी कुणी एवढं डोकं चालवलं नसतं."

तो गेला आणि परत आला नाही. मुद्दा चुकीचा नव्हता, बोललो मात्र चुकीचं. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं सुख मी घेतलं, आणि त्याच्या पायाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तेव्हापासून मी ठरवलं, माणसाला चप्पलेची लाज वाटत असेल तर लाजेलाही माप असतं असं धरून चालायचं. लाज लपेल अशी चप्पल बांधायची.

या ठरवण्यातूनच तात्यांचं प्रकरण घडलं. खरं म्हणजे सांगायचंय ते एवढंच. बाकीचं तुम्हाला धंदा कळावा म्हणून सांगितलं.

तात्या आमच्याच भागातले, उरवड्याच्या अलीकडचे. डोंगराच्या अंगाला बरीच जमीन होती, त्यातली वरची सगळी एका शिक्षणसंस्थेला विकली होती. घरावर दोन मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या होत्या, दारात गाडी होती. अंगानं दणकट, आवाज असा की बैल जागचा हलू नये. माझ्यापेक्षा बाराएक वर्षांनी मोठे. ते मला 'सदा' म्हणायचे आणि मी त्यांना 'तात्या, तुम्ही'. आमच्या गावांत कोण कुणाला काय म्हणतो हे जन्माच्या आधीच ठरलेलं असतं.

साखर त्यांना पंधरा वर्षांपासून होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना धरून दुकानात आणलं. मी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या ताठ दोऱ्याच्या टोकानं तळव्याला ठिकठिकाणी टोचलं.

"लागलं की सांगा, तात्या."

"तू सुरू कर की मर्दा, किती येळ?"

माझं टोचून झालं होतं.

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी पट्ट्यावाली चप्पल काढून दाखवली. तात्यांनी डोळे उघडून पाहिली आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांच्या ताटात काही टाकलं.

"ह्यी? ह्यी महारोग्याची व्हय रं?"

"साखरेवाल्यांचीपण हीच असते."

"आरं, गावातनं ह्यी घालून चाललो तर सोयरीक तुटंल माझ्या घराची. मागं पट्टा, पुढं पट्टा. बैलाला बी येवढं बांदत न्हाईत."

"अवो, पाय महत्त्वाचा का लोकं?" वहिनी म्हणाल्या.

"तू गप. पाय माझा हाय."

तेव्हा मी माझी हुशारी दाखवली. म्हणालो, तात्या, कोल्हापुरीसारखी दिसणारी देतो. वरून कातडं, अंगठा, वेणी, सगळं तसंच. आत नरम रबर दडवतो. कुणाला कळणार नाही.

"आन् मागचा पट्टा?"

पट्ट्याशिवाय ती चप्पल अर्धी. पण पट्टा म्हटला की ते उठून जाणार, आणि बाजारातून एक नंबर लहान, खिळे ठोकलेली, करकर वाजणारी घेणार हे मला दिसत होतं. काहीच नसण्यापेक्षा अर्धी बरी असा हिशेब मी केला. "पट्टा नको," म्हणालो.

चप्पल फार सुरेख झाली. अजूनही सांगतो, माझ्या हातून एवढं देखणं काम दुसरं झालं नाही. तात्या ती घालून गावभर हिंडले. लोक विचारायचे, कोल्हापुरास्नं आणली का? तात्या म्हणायचे, व्हय. माझं नाव त्यात कुठं आलं नाही, आणि तीच माझ्या कामाची पावती होती.

दीड वर्ष पाय चांगला राहिला. दर महिन्याला वहिनी त्यांना घेऊन यायच्या, मी तळवे बघायचो. एकच गोष्ट सुटत नव्हती, देव. घरातल्या देवापुढे अनवाणी, ग्रामदैवतापुढे अनवाणी, कुणाच्या पूजेला गेले की अनवाणी.

"देवाम्होरं जोडं घालून जाऊ व्हय?" ते म्हणायचे. "तूच सांग, तुझा बा गेला असता का?"

"माझ्या बापाला देवळात घेतच नव्हते, तात्या. त्यामुळे तो प्रश्न आला नाही."

ते मोठ्यानं हसले. राग त्यांना यायचा, पण खऱ्याला ते हसायचेही. त्यांच्यातली ती गोष्ट मला आवडायची.

यावर माझ्याकडे एक तोड होती. दवाखान्यात आम्ही पूजेसाठी कापडी मोजडी करायचो. कातडं अजिबात नाही. जाड सुती कापड, खाली रबर, वर नाडी. पुजारीसुद्धा हरकत घेत नसत. मी तात्यांना ती सुचवली.

"बाळंतिणीचं मोजं घालू? ऱ्हाऊ दे तुझं."

मी ऱ्हाऊ दिलं नाही. त्यांच्या मापाची बदामी रंगाची मोजडी मी करून ठेवली. कधीतरी वेळ येईल म्हणून.

वेळ आली ती एका वैशाखात. त्या वरच्या जमिनीवर संस्थेच्या इमारतीचं भूमिपूजन होतं. आसपासच्या गावांना आमंत्रण आणि जेवण. मूळ मालक म्हणून तात्यांचा सत्कार होणार होता. आदल्या आठवड्यात वहिनी दुकानात येऊन म्हणाल्या, "सदाभाऊ, तितं पूजा हाय म्हंत्यात. उनाची. ह्यांनी चप्पल काढली तर? तुमी याल न्हवं?"

"येतो," म्हणालो. "मोजडी घेऊन येतो."

कार्यक्रम दहाचा होता. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. तोपर्यंत एका बाईंनी तीन वेळा स्वागतगीत म्हटलं. मैदान यंत्रानं सपाट केलेलं, एक झाड ठेवलं नव्हतं. मांडव होता, पण पूजेचा खड्डा मांडवाबाहेर, उघड्यावर. खड्ड्याभोवतीचा मुरूम भुसभुशीत, पाहुण्यांचे पाय मळू नयेत म्हणून लोखंडी पत्रे टाकलेले, आणि पत्र्यांवर लाल गालिचा. गालिचा पुरला नव्हता. एका बाजूला दीड-दोन हात पत्रा उघडाच होता.

माझ्या पिशवीत मोजडी होती. तात्या पुढच्या रांगेत, सोफ्यावर, फेटा बांधून. मी मांडवाच्या मागच्या टोकाला. आमच्यामध्ये साधारण पन्नास पावलं.

निवेदक म्हणाला, "मान्यवरांनी पूजेसाठी यावं." सगळ्यांनी पादत्राणं काढली. तात्यांनीही काढली. पट्टा असता तर खाली वाकावं लागलं असतं, बक्कल सोडावं लागलं असतं. त्यात कदाचित मी पोचलो असतो, कदाचित त्यांना आठवलं असतं. पट्टा नव्हता. ते चालता चालता चपलेतून बाहेर आले.

पाहुणे गालिच्यावर, त्यांच्यामागे संस्थेचे लोक गालिच्यावर. तात्यांच्या हातात नारळाचं ताट दिलं आणि त्यांना कडेला उभं केलं. उजवा पाय गालिच्याच्या काठावर, डावा पाय पत्र्यावर.

मी पिशवीत हात घातला आणि निघालो. वीसेक पावलं गेलोही. मग थांबलो.

का थांबलो ते सांगणं भाग आहे. पुढे पूजा चालली होती. भटजी मंत्र म्हणत होते, शे-दोनशे माणसं हात जोडून उभी होती. आणि त्यांच्यातून एक चांभार हातात जोडे घेऊन पूजेच्या खड्ड्याकडे निघाला होता. ती मोजडी आहे, कापडाची आहे, तिच्यात कातडं नाही, हे कुणाला सांगणार आणि कधी? दवाखान्यात मी मोठमोठी पुस्तकं वाचली होती. माणसं सगळी सारखी, हे मला चार भाषणांत मांडता आलं असतं. पण तिथं माझे पाय माझ्या बापाचे झाले. ते पुढे गेले नाहीत.

मी स्वतःला म्हणालो, पाच मिनिटांत संपेल.

अर्धा तास चाललं. पाहुण्यांनी कुदळ मारली, मग छायाचित्रकारासाठी पुन्हा मारली. गालिच्यावरचे लोकसुद्धा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. पत्र्यावर आणखी दोघं उभी होती, ती केव्हाच गुपचूप सरकून सावलीत गेली. तात्या हलले नाहीत. ताट छातीशी धरून, मान ताठ, समोर बघत उभे.

पाहुण्यांचं लक्ष गेलं. पूजा संपल्यावर त्यांनी तिथंच ध्वनिक्षेपक हातात घेतला. म्हणाले, "हे पाहा! याला म्हणतात भूमिपुत्र! आम्ही शहरी माणसं, आमचे पाय भाजतात. यांचे भाजत नाहीत! कारण यांचं या मातीशी नातं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही हात सवयीनं वर आले होते, ते मी अर्ध्यावर थांबवले. त्या दिवशी मी केलं ते एवढंच.

तात्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना शाल घातली. ते सोफ्याकडे परत आले, चपलेत पाय सरकवले आणि जेवायला बसले. मी त्यांना पंगतीत गाठलं, कानाशी वाकून म्हणालो, "तात्या, पाय बघू द्या."

"आरं, लोकं जेवत्यात," ते म्हणाले. "आन् आयकलंस का, काय म्हनले ते?"

संध्याकाळी वहिनींनी पाहिलं तेव्हा डाव्या तळव्याचं कातडं सुटून चपलेला लागलं होतं. नरम रबर त्यात भिजलं होतं. त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो, पाय पाहिला आणि म्हणालो, आजच्या आज पुण्याला न्या. तात्या म्हणाले, दुखत तर न्हाई. गावातल्या कुणीतरी कसला तरी पाला लावला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खोलीत वास यायला लागला तेव्हा नेलं. आधी दोन बोटं काढली, मग निम्मं पाऊल, आणि पावसाळा लागायच्या सुमारास गुडघ्याखालचा पाय.

घरी आणल्यावर दोन महिने मी गेलो नाही. कामं होती असं मी पत्नीला सांगत होतो. शेवटी वहिनींचाच निरोप आला, "हे बोलवत्यात."

तात्या ओटीवर खुर्चीत बसले होते. अंग निम्मं झालं होतं, आवाज तसाच. डाव्या बाजूचं धोतर दुमडून खोचलेलं.

"ये सदा. बस."

मी खालीच बसलो.

"तू तितं हुतास न्हवं? त्या दिशी?"

"होतो."

"ह्यी म्हनली, तू माझ्यापाई मोजं आनलं हुतं पिशवीत."

"आणलं होतं."

"मंग?"

मी सांगितलं. जसं इथं लिहिलं तसंच सांगितलं, वीस पावलं चालून थांबलो तेही. बिनपट्ट्याची चप्पल दिल्याचं माझं पापही. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. वरच्या भाड्याच्या खोलीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"आला असतास," तात्या म्हणाले, "तर मीच तुला लाथ घातली असती. समद्यांच्या म्होरं."

"मला माहीत आहे."

"ह्याच पायानं घातली असती."

ते मला माफ करत होते की काय, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही ठामपणे सांगता येत नाही. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र माफी नव्हती. ती त्या आम्हा दोघांनाही देत नव्हत्या, मलाही आणि तात्यांनाही.

"बरं, आता काम आयक," तात्या म्हणाले. "चप्पल बांद. मागं पट्टा घाल, पुढं घाल, तुला काय बांदायचं त्ये बांद."

मी उजव्या पायाचं माप घेतलं. उठताना म्हणालो, "आठ दिवसांत एक देतो."

"येक न्हाई. जोड."

मी वर पाहिलं.

"दारात येकलीच चप्पल दिसली तर येनारा-जानारा काय म्हनंल? ह्या घरात निम्मा मानूस ऱ्हातो म्हनंल. जोड बांद."

मी जोड बांधला. डाव्या चपलेतही नरम रबर घातलं, आत शिवण येऊ दिली नाही, बोटांपुढे जागा सोडली, खिळा मारला नाही, टाचेमागे पट्टा आणि बक्कल लावलं. त्यातलं काहीही नसतं तरी चाललं असतं. पण तसं करणं मला जमलं नाही.

डॉक्टरांनी कृत्रिम पाय सुचवला होता, तात्यांनी तो कधी बसवून घेतला नाही. कुबड्या घेऊन अंगणात, फार तर गोठ्यापर्यंत जायचे. त्या घरावरून जाताना मी बघायचो. दाराशी दोन चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या असत.

वर्षभरानं वहिनी दुकानात आल्या. कागदात गुंडाळलेला जोड त्यांनी टेबलावर ठेवला आणि सोडला. उजवी झिजली होती, तिला नवा तळ हवा होता. तात्यांची टाच बाहेरच्या अंगानं झिजायची, तशीच ती झिजली होती. डावी जशी मी दिली तशी. बक्कल चमकत होतं.

"उजवीचा तळ बदलतो," मी म्हणालो. "डावीला काही करायला नको."

"हाय करायला," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "उजवीचा तळ बदलू नगा म्हनलेत. आजून म्हैनाभर निघंल म्हनं. डावी तेवडी तिच्याजोगी करा. येक जुनी, येक कोरी दिसती. मानसं बगत्यात."

त्या बाकावर बसून राहिल्या. उजव्या चपलेचा तळ धड नव्हता, अशी चप्पल घालू देणं धंद्याच्या नियमात बसत नाही. म्हणून आधी तिला नवा तळ लावला, त्यांनी नको म्हटलं तरी, आणि तो जुना दिसावा म्हणून टाचेची बाहेरची कड वरवर घासून मातीत फिरवली. मग डावी घेतली. गुडघ्यांमध्ये उलटी धरली, कानस काढली आणि तिची टाच बाहेरच्या अंगानं झिजवायला लागलो.

नवी चप्पल झिजवायला माणसाला वर्ष लागतं. कानशीनं वीस मिनिटं लागली.